अर्धा रस्ता मिरच्यांचा

बायकोला मागे टाकायचं म्हणून ग्यू-सिकनं बोगद्यातच सायकल डावीकडे, समोरून येणाऱ्यांच्या बाजूला घातली. उन्हात येताच त्याचं पुढचं चाक मिरच्यांवर गेलं. मागचंही गेलं. दहा-बारा हात मिरच्या चिरडून तो थांबला, तोही मिरच्यांतच.

“हे काय आहे? आँ? काय आहे हे?”

“मिरच्या,” कडेला बसलेली म्हातारी म्हणाली. “आंधळा आहेस का बाबा? अर्धा रस्ता सोडलाय की तुला.”

सोडलाच होता. काळ्या जाळीवर लाल मिरच्या, जाळीच्या कडेला दगडांची ओळ, आणि ओळीपलीकडे मधल्या रेघेपासून सगळा रस्ता मोकळा.

“तुम्ही कोण सोडणार? हा सायकलींचा रस्ता आहे, आजी. आमच्या करातून बांधलाय.”

“आणि मी काय सरकारला झाडपाला भरते?”

म्हातारी उठली. शेतात बसायला कमरेला बांधलेलं फोमचं आसन तिच्याबरोबर उठलं. ती वाकून फुटलेल्या मिरच्या वेचू लागली. फुटलेली मिरची तशीच राहिली तर बुरशी धरते, आणि शेजारच्या दहांनाही लावते.

ग्यू-सिकची बायको मी-रान मागून पोचली. तिनं सायकल गवतात आडवी टाकली, खाली बसली आणि वेचायला लागली.

“तू काय करतेस? दुपारच्या आत अजून दोन शिक्के घ्यायचेत.” सायकलमार्गाच्या प्रत्येक टप्प्यावर शिक्का मारून घ्यायची वही ग्यू-सिकनं पाठीमागच्या खिशात नीट खोचली. मग म्हातारीकडे वळला. “घरी अंगण नाही का तुम्हाला?”

म्हातारीनं बोट वर केलं. गावाच्या डोक्यावर काँक्रीटचे खांब, खांबांवर नवा लोहमार्ग. जुनी गाडी नदीच्या वळणानं जायची, वेळ खायची, तेवढं साहेबांना परवडेना. नवी सरळ नेली, लोकांच्या कौलांवरून. जुने रूळ उपटले, डांबर ओतलं, निळी रेघ मारली आणि शहराला सांगितलं, या, हवा खायला या. गावाला कुणी काही सांगितलं नाही. गावाला सावली दिली.

“अकरा वाजले की अंगणात अंधार,” म्हातारी म्हणाली. “सावलीत मिरची काळी पडते. गाडी होती तेव्हा फलाटावर घालायचे. मी शेतात गेले की स्टेशनमास्तर स्वतः उलटवायचा.”

“तो काळ गेला, आजी.”

“गेला तर. आता फलाटावर कॉफी मिळते.”

मी-रान हसली. बायको हसलेली बघून ग्यू-सिकचं डोकं सटकलं. त्यानं फोन काढला. मिरच्यांचा एक फोटो, दगडांचा एक, म्हातारीचा एक.

फोन दिसताच म्हातारीचे हात थांबले. या गावातल्या सगळ्यांना तो फोन कळतो. त्यावरून फोटोसकट तक्रार गेली की कचेरीचा टेम्पो येतो आणि जाळीसकट उचलून नेतो. गेल्या वर्षी शेजारणीचे तीळ असेच गेले. कुठं गेले, कुणी सांगितलं नाही.

“साहेब,” ती म्हणाली. इतका वेळ तो बाबा होता. “दोन दिवस द्या. दोनच दिवसांचं ऊन लागतंय. चार पोरांच्या घरची वर्षाची मिरची आहे. उरेल ती विकून मी थंडीत घर तापवायला बॉयलरचं तेल घेते.”

“मला सांगून काय उपयोग? नियम मी केलेत का?” तो आता ओरडतच होता. “आणि रस्त्यावरची ही घाण खातं तरी कोण?”

“तुम्ही,” मी-रान म्हणाली. “बावीस वर्षं.”

“काय?”

“माझ्या आईची मिरची. ऑफिसात सगळ्यांना सांगता ना, आमच्याकडे यंत्रात वाळवलेली नाही, उन्हातली असते म्हणून?”

“ती वेगळी. ती घरची.”

“घरची म्हणजे? ऊन काय माजघरात पडतं?”

ग्यू-सिकनं म्हातारीकडे बघितलं, मग फोनकडे. सासूबाईंची मिरची त्यानं पाहिली होती ती पूड होऊन, पिशवीत भरून, पिशवीला लाल दोरा बांधून आलेली. सणाला सासुरवाडीला जायचा तेव्हा रस्ते झाडलेले असायचे.

“हे बघ, मी-रान. उगाच आईंना मध्ये आणू नकोस. नियम म्हणजे नियम. सगळ्यांना सारखा.”

“बरोबर आहे.”

ती उठली. सायकलचे हातमोजे काढून तिनं खिशात कोंबले. बोटं लाल झाली होती. मिरचीचं बी तिच्या गुडघ्यांना चिकटलं होतं, ते तिनं झटकलं नाही.

“सारखा ना? मग दोन तक्रारी लिहा. ही पाठवा, आणि लगेच दुसरी घ्या. लिहा. सोलगोल गाव. धान्याच्या गोदामासमोरचा डांबरी रस्ता.”

“मी-रान.”

“लिहा की. जाळी हिरवी आहे. फोटो नाही, पण त्यांना सापडेल, गावात तेवढीच एक जागा उन्हाची आहे. नाव, यून ओक-बुन. वय चौऱ्याऐंशी.”

त्याचा अंगठा फोनवर तसाच राहिला. म्हातारी एकदा त्याच्या अंगठ्याकडे, एकदा मी-रानकडे बघत होती.

“आणि खाली एक सूचना टाका,” मी-रान म्हणाली. “आईला कमी ऐकू येतं. टेम्पोवाल्यांना म्हणावं, ओरडून सांगा. तुम्ही आत्ता ओरडलात ना, तसं.”