मागचं दार

थाळीफेकीत एक नियम आहे. फेक झाली की वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागातूनच बाहेर पडायचं. धुळ्याच्या राज्य स्पर्धेत माझी थाळी सगळ्यांच्या पुढे पडली आणि मी आनंदाच्या भरात पुढूनच धावत सुटले. पंच होते भिकननाना. त्यांनी लाल झेंडा वर केला.

"नियम तो नियम शे, बेटा."

सुवर्णपदक त्यांच्या पुतणीला मिळालं.

नंतर मी देशासाठी खेळले, आमदार झाले. परवा नाना भडगावच्या नगराध्यक्षपदाचं तिकीट मागायला बंगल्यावर आले.

"तुमचं तिकीट पक्कं, नाना. फक्त उद्यापर्यंत कुठे बोलू नका, आणि मागच्या दारानं जा."

त्यांनी हात जोडले. तेवढ्यात पुढच्या अंगणात ढोल वाजू लागला. "भिकननाना आगे बढो!" नाना थबकले, हसले आणि दोन्ही हात उंचावून पुढच्याच दारानं बाहेर पडले.

तासाभरात तिकीट दुसऱ्याला गेलं. नाना फोनवर काकुळतीला आले. "ताई, एवढ्याशा चुकीसाठी?"

"नियम तो नियम शे, नाना."

फोन ठेवला आणि मीच बोलावलेल्या ढोलवाल्यांना चहा पाठवला.