आईची साक्ष

ऐकणारे थापच म्हणणार, म्हणोत बापडे. पण मिरजेच्या दवाखान्यात मुकुंदाची मेलेली आई साक्षीला आली. पन्नाशीत त्याला एडीएचडीची, म्हणजे लहानपणापासून चित्त आणि बूड एका जागी न ठरण्याच्या विकाराची, तपासणी करायची होती, आणि त्या तपासणीला बालपण पाहिलेलं माणूस लागतं. मरणाआधी यंत्रात उतरवून घेतलेलं आईचं मन त्यातून बोलू लागलं.

"लहानपणी एका जागी बसायचा का हो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तासन्‌तास! भारी गुणाचं पोर."

"मग हा विकार काही दिसत नाही," बाई म्हणाल्या.

म्हणजे सुटलेल्या नोकऱ्या, मोडलेला संसार, सगळा त्याचा आळसच ठरणार. मुकुंदा यंत्राजवळ सरकला.

"आई, खोटं बोलतेस. खांबाला बांधून बसवायचीस मला, आणि शेजारी बसून रडायचीस."