जड वारा

घरातलं व्यायामाचं वल्हवायचं यंत्र दिवसेंदिवस जडच होत चाललं होतं. महिनाभर घाम गाळूनही अंगातली ताकद घटतेय असंच तिला वाटत होतं. थकून तिनं मूठ सोडली आणि जमिनीवरच बसकण मारली. “बाबा, उद्या हे विकून टाकते.” पक्षाघातानं शेजारच्या खुर्चीला खिळलेले बाबा म्हणाले, “खरंय. एवढं वल्हवून आपण अजून हॉलमध्येच!” तिच्यात हसायचंही त्राण नव्हतं. खाली बसल्यावर तिला यंत्राच्या, वल्हवलं की फिरणाऱ्या पंख्यावरचा लिव्हर दिसला. तिनं तीनवर ठेवलेला, आता नऊवर. लिव्हर वर नेला की वारा वाढतो, वल्हवणंही जड होतं. “हे तुम्ही केलंत?” “तुझा वारा बरा लागतो. रोज थोडा सरकवतो.” “कुठल्या हातानं?” पंखा त्यांच्या उजवीकडे होता. बाबांनी चमचाही न पेलणाऱ्या उजव्या हाताकडे नवलानं पाहिलं. तिनं लिव्हर पुन्हा तीनवर आणून मूठ धरली. “सरकवा, बाबा. रोज थोडा.”