अहवालातले अकरा किलोमीटर

"अकरा नाही, सात," आई म्हणाली आणि मटाराची शेंग फोडून तिने दाणे पातेल्यात सोडले.

मयुरा वाचता वाचता थांबली. गुडगावच्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत डिसेंबरचं कोवळं ऊन पायांशी येऊन बसलं होतं. खाली सोसायटीच्या टाकीत टँकर रिकामा होत होता. उद्या सोमवार. आठवीच्या वर्गात पोझिशन पेपर द्यायचा होता: एक बाजू घ्यायची आणि पुराव्यानिशी मांडायची. विषय होता, नव्या सोसायट्यांना बोअरवेल खणू द्यावी का? मयुराची बाजू ठरलेली होती. नाही. जमिनीतलं पाणी आटलं की ते आणायला बाईला चालावं लागतं. आणि किती चालावं लागतं, ते तिच्याजवळ छापील होतं.

सूद मॅडमचा नियम कडक होता. आकडा आला की सोर्स हवा. सोर्सला नाव, साल, पान हवं. मागच्या वेळी निम्म्या वर्गाने 'माझी आई म्हणाली' असं लिहिलं होतं. मॅडमनी त्या सगळ्यांवर लाल गोल काढले होते. या वेळचा सगळ्यात चांगला पेपर दिल्लीतल्या शाळांसमोर वाचला जाणार होता, आणि तो आपलाच असावा म्हणून मयुराने बाबांना दोन शनिवार दिल्लीच्या लायब्ररीत बसवून ठेवलं होतं. तिथेच तो पातळसा इंग्रजी अहवाल हाती लागला. सातारा जिल्ह्यातल्या एका दुष्काळी भागाची पाहणी, १९८५, आर. व्ही. कुलकर्णी. पान चौदावर लिहिलं होतं, इथली बाई पाण्यासाठी रोज अकरा किलोमीटर चालते. सबंध पेपर त्या एका वाक्याला लटकून होता.

"आई, छापलंय यार! हे बघ झेरॉक्स. कुलकर्णी सरांनी स्वतः जाऊन सर्व्हे केलाय. तुझा सोर्स काय?"

आईने पुढची शेंग उचलली, पण फोडली नाही.

"सर नव्हते ते."

"म्हणजे?"

"पाच घरं निवडली होती," आई म्हणाली. ती मयुराकडे बघत नव्हती. "रोज एकीच्या मागे चालायचं. पावलं मोजायची. पण त्या वाटेने गात असायच्या, आणि ऐकता ऐकता माझी मोजणी चुकायची. गोदाबाई म्हणून एक होती. ती म्हणाली, पावलं कशाला मोजतीस पोरी, ओव्या मोज. एका ओवीला आमची चाळीस पावलं पडत्यात."

आणि आई गुणगुणली, आपल्याशीच, टँकरच्या घरघरीखाली:

पहिली माझी खेप, चांदणी साथ देई
दुसऱ्या खेपेला, सावली पायी न्हाई

मयुराने हा आवाज कधी ऐकला नव्हता. आई गाते, हेच तिला ठाऊक नव्हतं.

"सात किलोमीटर भरले. मी सातच लिहिले. पाहणी करवून घेणाऱ्या संस्थेचे साहेब म्हणाले, सातने कुणाचं काळीज हलत नाही, अकरा करू. मी गप्प बसले. लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. अहवाल छापून आला, तोवर मी वैजयंती झाले होते."

"झाले होते म्हणजे? आधी कोण होतीस?"

"राधा. लग्नात तुझ्या बाबांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलं, वैजयंती. सगळ्यांनी पेढे खाल्ले. तेव्हापासून वैजयंती."

मयुराने झेरॉक्सवरची ती दोन इंग्रजी अक्षरं पुन्हा पाहिली. आर. व्ही. आईच्या माहेरचं, मामाचं आडनाव कुलकर्णी आहे, हे तिला आत्ता कुठे आठवलं. पण कुलकर्णी तर जगात ढिगाने आहेत. आणि सर्व्हे करणारे, पुस्तकात छापून येणारे, ते आपोआप सरच झाले होते.

"मग नंतर सांगितलं का नाहीस कुणाला?"

"कुणी विचारलं नाही गं." आईने शेंग पुन्हा टोपलीत ठेवली. "तू अकराच ठेव हवं तर. छापलेलं आहे, मॅडम मानतील. सात लिहिलेस तर तुझंच पान चौदा तुझ्या विरुद्ध जाईल. वर पुन्हा आई म्हणाली, म्हणून लाल गोल. मी आपलं राहवलं नाही म्हणून बोलले."

मयुराने पेपरातल्या अकरावर बोट ठेवलं. अकरा लिहिलं तर कुणीच काही विचारणार नव्हतं. दिल्लीचा तो हॉल, तो माईक तिला दिसत होता. अकरा ऐकल्यावर समोरचे लोक कसे हळहळतील, तेही दिसत होतं.

"सात कमी असतात का गं?"

"डोक्यावर हंडा असला तर नाही."

टँकर निघून गेला. बाल्कनीत एकदम शांत झालं. मयुराने खोडरबर घेतलं आणि अकरा खोडलं. इतकं घासलं की कागद जरा फाटलाच. तिथे तिने सात लिहिलं. मग सोर्सच्या यादीचं पान उघडलं, नवी ओळ धरली आणि आईसमोर मांडी घालून ताठ बसली.

"पूर्ण नाव सांगा."

आईला हसू आलं. या मुलीने तिला जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"अच्छा! लिहा मग. वैजयंती श्रीपाद..."

मयुराने पेन्सिल कागदाला टेकवलीच नाही.

"ते नाही," ती म्हणाली. "त्या बायकांच्या मागे ज्या चालल्या, त्यांचं सांगा."