नेदर हॅल्कमची खुर्ची

विल्फ ऑकेंडनचा डावा हात दुखायला लागला तेव्हा खोलीत एकच खुर्ची होती, आणि तिच्यावर वाळलेलं काटेरी बोंड ठेवलेलं होतं. 'इथे बसू नये' अशी पाटी लावणं नेदर हॅल्कममध्ये असभ्य समजतात. म्हणून काटे ठेवतात.

"डोरीन," तो बायकोला म्हणाला, "मला जरा बरं वाटत नाहीये."

डोरीन घाबरली. शिडीवरून पडून तीन बरगड्या मोडल्या होत्या तेव्हाही विल्फला छान वाटत होतं.

खाली उतरणं शक्य नव्हतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या प्रसिद्ध कादंबरीकाराच्या घराचा, म्हणजे आताच्या संग्रहालयाचा, जिना एका माणसापुरता आहे आणि त्यावर चढणाऱ्यांचा मान आधी. लीड्सहून आलेली चौतीस पेन्शनर मंडळी काठ्यांसह चढत होती. त्यांना मागे फिरायला सांगावं, हे कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

सहल डोरीनच्या हट्टाची. कादंबरीकाराच्या अकराही कादंबऱ्या तिच्या तीनतीनदा वाचून झाल्या होत्या. विल्फ मात्र लग्नापासून हे गाव टाळत आला होता. 'पुढच्या उन्हाळ्यात बघू,' म्हणायचा. असे बावन्न उन्हाळे गेले. या वेळी तिने न विचारताच तिकिटं काढली. वर आल्यावर खिडकीजवळची ती खुर्ची बघून विल्फ गोरामोरा झाला होता. जिना चढून दम लागला असेल, असं तिला वाटलं.

खोली मिसेस थर्लबींच्या ताब्यात होती. निवृत्त शिक्षिका, गळ्यात ओळखपत्र, बावीस वर्षं दर गुरुवारी बिनपगारी. याच खुर्चीत, शेवटचं वाक्य अर्धं लिहून, हातातली लेखणी न सोडता कादंबरीकार गेला, हे त्या दर अर्ध्या तासाने सांगत, आणि 'लेखणी' या शब्दाला दर अर्ध्या तासाने त्यांचा गळा खराखुरा दाटून येई. आताही नुकताच आला होता.

त्यांनीच फोन केला. रुग्णवाहिका चाळीस मिनिटांवर होती. "तोवर त्यांना बसवा," पलीकडची मुलगी म्हणाली. "ताबडतोब. उभं ठेवू नका. हृदयावर ताण येतोय."

पाहुण्याला जमिनीवर बसवणं नेदर हॅल्कममध्ये कोणाला सुचत नाही. मिसेस थर्लबींनी खुर्चीकडे पाहिलं. मग विल्फकडे. मग परत खुर्चीकडे.

"आजोबा, बसा की!" दारातून लीड्सचा एक जाड गृहस्थ ओरडला. स्वतः ऐंशीचा असावा. "लेखक काही उठवायला येत नाही आता!"

"रेग, तू गप बस," त्याची बायको म्हणाली.

मिसेस थर्लबींनी खुर्चीभोवतीची दोरी सोडली. काटेरी बोंड उचललं. बोटाला टोचलं तरी हूं की चूं केलं नाही. "दीडशे वर्षांत या खुर्चीत कोणी बसलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही बसा, मिस्टर ऑकेंडन. त्याने तुम्हाला नाही म्हटलं नसतं."

कोणीतरी रुमाल काढला.

"आभारी आहे," विल्फ म्हणाला. "पण नको."

"नको काय?" डोरीन कडाडली. "आयुष्यात एकदा तरी सांगितलेलं ऐक! बस म्हणते ना!"

विल्फचा चेहरा आता मेणासारखा झाला होता. त्याने तिला जवळ ओढलं आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. चार-पाच वाक्यं असतील. मध्ये एकदा दम खाल्ला.

डोरीनने खुर्चीकडे पाहिलं. खाली वाकून तिचे पाय पाहिले. मग मिसेस थर्लबींकडे पाहिलं. मुलाला निरोप देणाऱ्या आईसारख्या त्या उभ्या होत्या.

"ते उभेच राहतील," डोरीन म्हणाली, आणि तिने नवऱ्याच्या काखेत स्वतःचा खांदा दिला.

"याला म्हणतात संस्कार," रेगची बायको हळूच म्हणाली.

विल्फ अकरा मिनिटं उभा राहिला. बाराव्या मिनिटाला तो भिंतीच्या कडेने घसरत खाली गेला. जाताना चौकटीतल्या एका पत्राला धक्का लागला, तर त्याने 'सॉरी' म्हटलं. ते शेवटचं.

रुग्णवाहिका वेळेवर आली. चाळीस म्हणजे चाळीस मिनिटांत.

मिसेस थर्लबींनी डोरीनला हाताला धरून आवारातल्या बाकावर आणून बसवलं. चहा दिला, न विचारता दोन चमचे साखर घालून. "साहित्याचा इतका आदर करणारा माणूस मी पाहिला नाही," त्या रडत म्हणाल्या. "मी हे प्रत्येक गटाला सांगणार आहे. मरेपर्यंत सांगणार आहे."

"सांगा," डोरीन म्हणाली. "त्यांना आवडेल."

त्या आत गेल्यावर तिने मुलीला फोन लावला. जिलियन आधी रडली, मग चिडली.

"खुर्ची समोर होती ना, आई? बाई स्वतः बस म्हणत होत्या ना? मग बाबा बसले का नाहीत गं?"

डोरीनने मागे वळून पाहिलं. दार बंद होतं. तरी तिने आवाज खाली आणला.

"त्यांनीच बनवलीय ती, जिल. फर्निचरच्या कारखान्यात शिकाऊ होते तेव्हा. खरी कधीच जळून गेली म्हणे, ही नुसती बघायला केलेली. पाय सरसाने चिकटवलेत, माणूस बसला की मोडणार. आणि त्या बाई इतकं मनापासून सांगत होत्या... सगळ्यांसमोर बरं दिसलं नसतं."