ऐकून घेण्यावरचं व्याख्यान

डॉक्टरांच्या संघटनेच्या वार्षिक सभेत बाबांचं व्याख्यान होतं, 'पेशंटचं ऐकावं कसं'. स्लाइड पुढे सरकवायला मी होते.

बाबा अगदी रंगात आले होते. "पेशंटचं बोलणं मध्येच तोडू नका. पूर्ण ऐका. मग ऐकलेलं आपल्या शब्दांत त्याला परत सांगा, म्हणजे त्याची खात्री पटते." सगळा हॉल माना डोलवत होता. मी मात्र गेलं वर्षभर जेवणाच्या टेबलावर "बाबा, मला ना" याच्या पुढे गेलेच नव्हते.

म्हणून प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर पहिला माइक मीच घेतला.

"बाबा, मला डॉक्टर व्हायचं नाहीये."

बाबांनी तोंड उघडलं, तशा अध्यक्षबाई म्हणाल्या, "डॉक्टर, मध्ये तोडायचं नाही हं." हॉल हसला. मला चांगलाच जोर चढला.

"मला इतिहास शिकायचाय. मनापासून. नीट विचार करून सांगतेय."

बाबांनी शेवटपर्यंत निमूटपणे ऐकलं, चष्मा पुसला आणि ठरल्या पद्धतीप्रमाणे माझं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगितलं.



"म्हणजे तुला मेडिकललाच जायचंय, फक्त अभ्यासाचं जरा टेन्शन आलंय."