प्लास्टिकच्या रकान्यातली खूण

"दोन्हींत बिस्किटं तीच आहेत, आजोबा. तुम्ही कोणतं पाकीट घ्याल?"

आजोबांनी आधी कागदाचं पाकीट हातात घेतलं, मग प्लास्टिकचं, मग पुन्हा कागदाचं. "कागदाचंच. प्लास्टिकनं काय घाण करून ठेवलीये, बघतेस ना?" असं म्हणून प्लास्टिकच्या पिशवीतली भाजी सावरत ते निघून गेले.

प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी हातातल्या तक्त्यात कागदाच्या रकान्यात खूण केली. गिऱ्हाईक हातात काय धरतं ते त्यांना लिहायचं नव्हतं. तोंडानं काय म्हणतं तेवढंच.

मोठ्या दुकानाच्या दाराशी उभं राहायचा हा सहावा दिवस. पायांत गोळे आले होते. बसलेल्या माणसाजवळ कोणी थांबत नाही, म्हणून ही पाहणी करून घेणारी एजन्सी खुर्ची देत नसे. अकरा वर्षं त्या हेच करत होत्या. साबणाचा वास, चहाचा रंग, पंख्याचा आवाज, लोकांना काय काय विचारून झालं होतं. एकही खूण त्यांनी खोटी केली नव्हती.

दहातले सात जण कागद म्हणत होते. एरवी त्यांना त्याचं काही वाटलं नसतं. पण पाकिटांच्या तळाशी ओळखीच्या कारखान्याचा शिक्का होता. त्याच कारखान्यात त्यांचा धाकटा भाऊ प्लास्टिकच्या पाकिटांच्या मशीनवर चौदा वर्षं होता. आई-वडील गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवलं, आणि साहेबांच्या दारी खेटे घालून तिथे चिकटवलं तेही त्यांनीच.

संध्याकाळी तो उशिरा आला. हल्ली रोजच दोन तास उशीर. विचारलं तर "काम होतं" एवढंच. अर्धं जेवून तो थांबला, खोकला, पाणी प्यायला.

"ताई, लोक काय म्हणतायत गं?"

"कशाबद्दल?"

"पाकिटांबद्दल. तुमचा अहवाल आला की वरचे ठरवणार आहेत. लोकांना कागद हवा असेल तर आमचं मशीन बंद."

"आणि तुझं काय?"

"बघू," म्हणत तो ताट घेऊन उठला.

बाई त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. काही मनात असलं की तो असाच पाठ फिरवायचा, लहानपणापासून.

दुसऱ्या दिवशी पहिलीच आलेली मुलगी "कागद" म्हणाली. बाईंनी "आभारी आहे" म्हटलं, ती आत जाईपर्यंत थांबल्या आणि प्लास्टिकच्या रकान्यात खूण केली. मागून कोणी बघत नाही ना, ते पाहिलं. दुपारनंतर तेही पाहायचं सोडलं. पुढचे चार दिवस त्या विचारत राहिल्या, ऐकत राहिल्या आणि कागद म्हणणाऱ्यांची खूणही प्लास्टिकच्या रकान्यात करत राहिल्या. अहवाल दिला त्या दिवशी घरी येऊन त्या न जेवताच आडव्या झाल्या.

पंधरा दिवसांनी भाऊ वेळेवर घरी आला. चपला न काढताच खुर्चीत बसला.

"कागदाचं मशीन येत नाही, ताई. प्लास्टिकच चालू ठेवणार."

"बरंच झालं की." बाईंनी आवाज जमेल तितका साधा ठेवला. "नोकरी तर राहिली."

"नोकरी कुठे जात होती? नव्या मशीनवर मलाच घेणार होते. तीन महिने रोज काम सुटल्यावर तेच शिकत होतो. नक्की झालं की तुला सांगणार होतो."

बाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"डॉक्टर म्हणालेत, प्लास्टिकच्या त्या वाफेत आणखी वर्षभर राहिलास तर छाती कामातून जाईल. तुला उगाच घोर नको, म्हणून बोललो नाही." तो वाकून चपला काढू लागला. थकलेला दिसत होता, रागावलेला नव्हता. मग त्यानं मान वर केली.

"लोकांना प्लास्टिकच हवंय म्हणे. तू तर रोज त्यांच्यात उभी होतीस, ताई. खरंच असं म्हणाले ते?"